सोळाशे पंचावन्नचं शिखर

अखिलाची पाच वर्षं एका शिखरावर उभी होती. ताडपत्रांना चोळायचं जुनं तेल, आणि त्याच्या अवरक्त वर्णपटात सोळाशे पंचावन्नच्या खुणेवर एक टोकदार उंचवटा, कुठल्या पुस्तकात न सापडणारा. तो खरा ठरला तर डॉक्टरेट, नाहीतर शून्य.

यंत्र तिला कीर्तनासारखं वाटे. आतला आरसा मागेपुढे सरकतो, साऱ्या लहरी कालवून एकच कल्लोळ उठतो; मग फूरियेचं गणित एकेक लहर वेचून तिच्या जागी बसवतं. रिकाम्या यंत्राचं मोजमाप ती सकाळीच सोवळ्यासारखं उरकून घ्यायची. तेल ठेवलं की मात्र शेजारी अप्पांची श्रुतीपेटी लावायची, एकच आधारसूर घुमवत राहणारी. अप्पा म्हणजे तिचे वडील, भरद्वाज भागवतर, राजवाड्यामागच्या गल्लीत कीर्तन करणारे. सुराशिवाय शुभकार्य कसं सुरू करायचं?

मार्गदर्शक कनकलता मॅडम त्याच गल्लीतल्या. घरी त्या मामी. कीर्तनाला पहिल्या ओळीत.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणाले, "इथंच काढून दाखवा." प्रयोगशाळेत तीसेक माणसं दाटली होती; त्यांच्यासमोर पेटी लावायला अखिला लाजली. पडद्यावर वर्णपट उमटला. शिखर नव्हतं. पुन्हा काढला. सपाट.

"पेटी लाव की गे," मॅडम गोड हसल्या. "देवाला बोलावल्याशिवाय येतो का तो?"

त्यांनीच कपाटातून पेटी काढली, यंत्राला खेटून ठेवली. षड्ज घुमला. मिनिटभरात शिखर ताठ उभं. मॅडमनी बटण पिळून सूर चढवला. नव्या वर्णपटात शिखर सरकलेलं. उतरवला, मागं आलं.

"सुरानं टेबल थरथरतं, टेबलानं आरसा," त्या परीक्षकांना म्हणाल्या. "गणित बिचारं भोळं. उजेडाची लहर कुठली, पेटीची कुठली, त्याला काय कळतंय? तेलात काही नाही, सर."

"पंचम लावा, मॅडम!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. परीक्षकांनी प्रबंध मिटला.

सगळे पांगल्यावर अखिलानं विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"दोन वर्षं झाली असतील. त्या परिषदेत माझ्या आलेखातली चूक तू भर सभेत दाखवलीस ना? धिटाई आवडली हो मला. म्हटलं, आपणही शिकावं."

मग पेटी तिच्या हातात दिली. "घरी ने. आज एकादशी, अप्पांना लागेल."

संध्याकाळी दारातच अप्पांनी विचारलं, "झालीस का गे डॉक्टरीण?" अखिला बोलेपर्यंत माणसं जमू लागली होती. पहिल्या ओळीत मामी, मांडीवर झांजा.

"भागवतर," त्या म्हणाल्या, "आज सूर अखिलाच धरेल. कान फार तयार झालाय तिचा."

अप्पांनी कौतुकानं मान डोलावली आणि पेटी लावली. तोच षड्ज. अखिलानं तोंड उघडलं. आत नुसतं ते शिखर वर चढत होतं. सूर आला नाही.

अप्पा थांबले. मग मामींनी सूर धरला, आणि फार गोड धरला.