सूर्याची खरखर

सूर्यावर स्फोट झाला की रेडिओत खरखर येते, हे भिवाला मीच शिकवलं. मी गिरगावच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर, तो परळच्या गिरणीत वायरमन. सत्तावन्न साली एका संस्थेला अशा नोंदी हव्या होत्या. युक्ती साधी होती. खरखर दोन ठिकाणी, माझ्या आणि भिवाच्या घरी, एकाच मिनिटाला आली तर ती सूर्याची, एकाच ठिकाणी आली तर ट्रामच्या ठिणगीची. मग त्या मिनिटाला दुर्बिणीत सूर्याचा कुठला भाग भडकला ते पाहून संस्थेतले साहेब तिची जागा ठरवणार. नोंदी जुळल्या तर भिवाला तिथे मदतनीस म्हणून घेणार होते.

रात्रपाळी करून तो सकाळभर रेडिओला कान लावून बसायचा. तीन महिन्यांनी त्याने वही आणून दिली. माझ्या वहीशी त्यातली एकही नोंद जुळेना. माझं डोकंच फिरलं. झोपा काढून मनाचे आकडे लिहिलेस, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. वह्या शेजारी ठेवून दाखवल्यासुद्धा नाहीत. तो मान खाली घालून गेला.

आठवड्याने त्याची वही परत करायला मी चाळीत गेलो. भिवा बाहेर गेला होता. भिंतीवरच्या घड्याळात पाच एकवीस, माझ्या मनगटावर सहा. घड्याळ मागे पडलंय, मी म्हणालो. भिवाचे वडील बुधाजी गालात हसले.

"मागं नाय मास्तर. मुंबई टाइम हाय. सरकारनं बदलला, आमी नाय बदलला."

गिरणीत स्टँडर्ड टाइम, घरात जुना मुंबई टाइम, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं. दोन्ही वह्या पिशवीत होत्या. मी तिथेच बसून भिवाच्या प्रत्येक नोंदीत एकोणचाळीस मिनिटं मिळवली. एकूण एक नोंद जुळली. मला माझीच किळस आली. माझ्या वाडीतला कुणी असता तर मी आधी विचारलं असतं. चाळीतल्या, नुकत्याच बौद्ध झालेल्या भिवाला मी न विचारता खोटा ठरवला होता.

तेवढ्यात तो आला. सगळं सांगून मी म्हणालो, उद्याच साहेबांकडे जाऊ. तो उंबऱ्यावर बसला.

"सायबांना परवाच लिवून दिलं मास्तर, नोंदी मनाच्या हायेत म्हणून. खाली सही पण केली."

"पण तू ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं. पण तुमी नाय म्हणालात. मला वाटलं, आपलेच कान खोटे."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. मागाहून आकडे कुणीही जुळवतो, साहेब म्हणाले, आणि त्यांनी भिवाची सही माझ्यापुढे धरली. हे त्याला कसं सांगावं ते सुचेना, म्हणून त्या दिवशी मी परळला गेलो नाही. पुढे कधीच गेलो नाही.