चारचा घास

चार वाजले तसा नाना किचनच्या मधल्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने कोटाच्या आतल्या खिशातून चमचा काढला. कोणी मान वर करून पाहिलं नाही. जो तो पिशव्या कापण्यात गर्क होता. एका नव्या वेटरने तेवढी शेजारच्या उंच वेटरला, लांब्याला, कोपरखळी मारली, म्हातारा हे काय करतोय म्हणून. लांब्याने जुन्या माणसाच्या तोऱ्यात सांगितलं, पूर्वी असं असायचं बाबा, आता नाही.

पूर्वी असं असायचं, हे खरंच. दार उघडायच्या आधी, चारच्या ठोक्याला, सगळे वेटर आपापले चमचे घेऊन ओट्याभोवती जमायचे आणि त्या दिवशीच्या प्रत्येक पातेल्यातला एकेक घास प्रत्येकाच्या तोंडात पडायचा. चारचा घास म्हणत त्याला. लाड म्हणून नव्हे हं. त्या हॉटेलात टेबलावर कार्डच नसायचं. पाहुण्यासमोर उभं राहून आज काय आहे ते वेटरने तोंडाने सांगायचं, आणि जे चाखलं नाही ते सांगायचं नाही, असा तिथला दंडक होता. बाकीचे वेटर सांगून मोकळे होत. नाना सांगायला लागला की मात्र शेजारच्या टेबलावरचे काटेचमचे थांबायचे.

हॉटेलही तसंच होतं, सांगण्याला साजेसं. एका मोठ्या थीम पार्कच्या पोटात, छपराखालच्या तळ्याच्या काठी. छप्पर गडद निळं रंगवलेलं आणि त्यात बारीक बारीक दिवे, त्यामुळे बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत कायम संध्याकाळ. तळ्यातून राईडच्या होड्या आवाज न करता टेबलांजवळून जायच्या. होडीतली मुलं जेवणाऱ्यांना हात करायची, जेवणारे मुलांना हात करायचे, आणि होडी काळोखात वळून दिसेनाशी व्हायची. नानाने इथे उभी हयात काढली. सूर्य मावळलेला त्याने फारसा पाहिलाच नाही, आणि संध्याकाळ मात्र दिवसभर पाहिली.

त्याची लेक लहान होती तेव्हा बायको हॉस्पिटलात नर्स होती आणि तिला बहुतेक रात्रपाळी असायची. लेकीला झोपवायचं काम नानाकडे. त्याला गोष्टी येत नव्हत्या, म्हणून तो त्या दिवशीचा चारचा घास सांगायचा. कांद्याचं सूप तिचं सर्वांत लाडकं. कांदा अख्खी दुपार मंद आचेवर कसा बसून असतो, आधी कसा रडवतो आणि मग कसा मऊ पडतो, वरचं पावाचं झाकण चमच्याने फोडलं की आतून कशी वाफ येते. ऐकता ऐकता पोरीचा डोळा लागायचा आणि झोपेत तोंड हलायचं. बायको म्हणायची, ‘अहो, पोरीला हवेवर जेवायला घालता तुम्ही, सकाळी दुप्पट खाते ती.’ तिथे नेऊन तिला खरंखुरं जेवू घालणं नानाला कधीच परवडलं नाही. पाहुण्यांचं हॉटेल ते, वेटरच्या पोरीने खिडकीतून बघावं.

मग पार्कची ऑफर आली. पार्कमधली राहायची खोली बुक करतानाच सगळ्या दिवसांच्या जेवणाचे पैसे भरून टाका, मनगटाला पिवळा पट्टा बांधा आणि कुठेही बसून काहीही मागवा. सुरुवातीला ती फक्त रिकाम्या महिन्यांपुरती होती. त्या महिन्यांत एरवी निम्म्या वेटरांना घरी बसवायचे, त्यामुळे ऑफरचं सर्वांत जास्त कौतुक केलं ते नानानेच. आता कोणाची चूल विझणार नाही म्हणून त्याने अख्ख्या किचनला चहा पाजला होता. ते काही चुकीचं नव्हतं. कोणी घरी बसलं नाही.

पण गर्दी आवडली तशी ऑफर वर्षभराची झाली. कांद्याला अख्खी दुपार लागते, आणि दुपार आता कोणाकडे होती? दारावर पिवळ्या पट्टेवाल्यांची रांग सकाळपासूनच. परतलेला कांदा पिशवीतून यायला लागला, मग कांदाच कशाला म्हणून सूपच पिशवीतून यायला लागलं. एका पट्ट्यामागे हॉटेलला ठरलेली रक्कम मिळायची, चांगलं शिजवा नाहीतर वाईट, त्यामुळे जे वाचेल ती साहेबांची कमाई. आणि गंमत बघा, कोणी तक्रारही करेना. पैसे कधीच भरून झालेले, भरले हेसुद्धा विसरून झालेलं, मग रागवायचं कोणावर? लोक फुकटात मिळाल्यासारखं सगळं मागवत, चिवडत, निम्मं टाकून उठत. वाईट म्हणायला कोणी थांबेना, तसं चांगलं म्हणायलाही. टेबलांवर चित्रांची कार्डं आली. चारचा घास कोणी बंद केला नाही, एके दिवशी तो झालाच नाही, एवढंच. नानाला सांगण्यासारखं काही उरलं नाही. तो कार्ड उघडायचा आणि चित्रावर बोट ठेवायचा.

हे त्याने लेकीला कधी कळू दिलं नाही. ती दुसऱ्या गावी, संसारात. बाबांची जेवणं आता ती आपल्या मुलीला सांगून झोपवायची. आणि मागच्या महिन्यात तिचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. म्हणाली, ‘बाबा, ती ऑफर आहे ना, तिच्यामुळे आता आम्हालाही परवडतंय. आम्ही तुमच्या टेबलावर बसणार. आधी कांद्याचं सूप, मग बाकीचं.’ ज्या ऑफरने सूप गेलं तीच पोरीला घेऊन येत होती. नानाला धड हसताही येईना. बायको म्हणाली, सांगून टाका तिला खरं काय ते. त्यावर तो एवढंच म्हणाला, की कोणत्या तोंडाने सांगू. पोरीने अख्खं बालपण ज्या जेवणावर काढलं ते आता नाहीच, असं बापाने सांगायचं कसं?

शेवटी काल त्याने सूपवाल्या मावशीला गाठलं. मावशी त्याच्याही आधीपासूनची, सगळ्या किचनची मावशी. आता तिच्याकडे पिशव्या गरम करायचं काम होतं आणि त्यामुळे तिचं तोंड कायम आंबट. तिने नानाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, वेडा आहेस का, इथे सालासकट कांदा बघून मला किती वर्षं झाली. मग तिचं तिलाच आठवलं. कामगारांच्या मेसमध्ये अजून अख्खा कांदा यायचा. पाहुण्यांना पिशवीतला आणि आम्हाला खरा, असं म्हणून ती बऱ्याच दिवसांनी हसली.

आज सकाळपासून मेसच्या मागच्या शेगडीवर तिचं छोटं पातेलं बसलेलं होतं. येता-जाता जो तो वास घ्यायला थबकायचा आणि मावशी त्याला हाकलून लावायची. पातेल्यात तीन वाट्या सूप होईल इतकाच ऐवज. लेक, जावई आणि नात.

तर चार वाजता नाना चमचा घेऊन ओट्यापाशी उभा होता. मावशी पातेलं फडक्यात धरून आली, त्याच्या चमच्यात घासभर सूप ओतलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

नानाने घास तोंडात धरून ठेवला. त्याला एकदम आपलं जुनं घर आठवलं, खाटेवर झोपलेली पोर आणि तिचं हलणारं तोंड. डोळे भरून आले, ते त्याने पुसले नाहीत. जमलंय का, असं मावशीने विचारलं. त्याने मान हलवली. आता मला सांगता येईल, म्हणाला.

संध्याकाळी, म्हणजे आतल्या नव्हे, खरोखरच्या संध्याकाळी, लेक आली. मनगटाला पिवळा पट्टा, कडेवर पेंगुळलेली नात, मागे पिशव्या सांभाळत जावई. दारातच थांबून तिने वर बघितलं, छपरातल्या दिव्यांकडे. तेवढ्यात काठाजवळून एक होडी गेली आणि होडीतल्या मुलीने नातीला हात केला. लेक हळूच म्हणाली, बाबा, सगळं तसंच आहे. नानाने त्यांना पाण्याकडेचं टेबल दिलं आणि कार्ड उघडायला हात पुढे केला. लेकीने कार्ड मिटवून बाजूला सारलं.

‘हे नको. तुम्ही सांगा, आज काय आहे?’

नाना ताठ उभा राहिला, हात मागे बांधून, पूर्वी राहायचा तसा. आणि त्याने कांद्याचं सूप सांगितलं. घाई केली नाही. दुपार सांगितली, शेगडी सांगितली, कांद्याचा रंग बदलत जातो तो सांगितला. नात डोळे मिटून ऐकत होती आणि लेकीचं तोंड, तिच्या नकळत, हललं. आजूबाजूचे काटेचमचे थांबले. बोटं चित्रावर ठेवून ठेवून गंजलेली त्याची जीभ अशी सुटली, की तो थांबल्यावर शेजारचं टेबल म्हणालं, आम्हालाही तेच सूप. त्यांच्या पलीकडच्यांनी हात वर केला. पाण्याच्या त्या बाजूला बसलेल्या तीन बहिणींनीही केला. लांब्या भराभर ऑर्डरी घेत सुटला आणि नाना किचनकडे धावला. आपण हे काय करून बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं.

तो किचनमध्ये पोचला तोवर ओट्यावर वाट्यांची रांग लागली होती. सगळ्या एकाच मापाच्या, सगळ्यांवर पावाचं तेच खरपूस झाकण. मावशी पलीकडून ओरडून म्हणाली, तुझ्या तीन डावीकडे ठेवल्यात रे. पण लांब्याने मधूनच एक ट्रे उचलला होता आणि उरलेल्या वाट्या जागा करायला पुढे सरकवल्या होत्या. डावं काय आणि उजवं काय. झाकण फोडल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता आणि फोडलेली वाटी लेकीपुढे ठेवायची कशी? मागून साहेब टेबलं अडलीत म्हणून ओरडत होते. नानाने देवाचं नाव घेतलं आणि डावीकडच्या तीन वाट्या उचलल्या.

लेकीने चमच्याने झाकण फोडलं. वाफ आली. तिने पहिला चमचा तोंडात घेतला आणि नाना तिच्याकडे बघत राहिला. तिने सावकाश गिळलं, मान वर केली आणि हसली.

‘बाबा, अगदी तुम्ही सांगायचात तसंच.’

नातीने दोन चमचे खाल्ले आणि वाटी सरकवली. म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही सांगितलेलं जास्त छान होतं.’ लेकीने तिच्यावर डोळे वटारले. जावई घाईघाईने होड्यांबद्दल काहीतरी विचारू लागला.

नाना वाट्या घेऊन किचनच्या बोळात आला. तिन्ही अर्ध्या उरलेल्या. खिशातला चमचा काढून त्याने लेकीच्या वाटीत बुडवला आणि चाखला. पिशवीतलं. इतक्या वर्षांत पोरगी एकदा आली होती आणि तिच्या तोंडी एक खरा घास पडला नव्हता, त्याच्याच सांगण्यापायी. आणि तिला ते कळलं होतं. कळलं नसतं तर अर्धी वाटी कशाला ठेवली असती?

उरलेलं जेवण झालं. साहेबांनी बोटाने घड्याळ दाखवलं, पुढचे पट्टेवाले दारात ताटकळत होते. निघताना लेकीने त्याचा हात धरला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, ‘सुटी झाली की खोलीवर या. हिला एकदा सांगा. बसून, पूर्वी मला सांगायचात तसं.’ नानाने मान डोलावली.

मग तो पाण्याच्या त्या बाजूला वाट्या उचलायला गेला. आल्यापासून अखंड बडबडणाऱ्या त्या तीन बहिणी गप्प बसल्या होत्या. एक जण पावाच्या तुकड्याने वाटीचा तळ पुसत होती. दुसरी तळ्याकडे बघत होती, आणि तिसरीने नानाला विचारलं, हे कोणी केलंय हो? नानाने सांगितलं, आमच्या मावशीने. तिला आमचा निरोप द्या, बाई म्हणाली. काय निरोप द्यायचा ते मात्र तिला सांगता आलं नाही.

नानाने बहिणींच्या त्या तीन वाट्या इतर भांड्यांत टाकल्या नाहीत. हातातच घेऊन आला आणि मावशीपुढे ठेवल्या. मावशीने पिशव्या बाजूला केल्या, हात फडक्याला पुसले.

‘लेकीच्या ना?’

चाखलं नाही ते सांगायचं नाही, खोटं तर नाहीच नाही, हा दंडक नानाने उभ्या जन्मात मोडला नव्हता.

‘लेकीच्या,’ तो म्हणाला.

‘काय म्हणाली?’

‘म्हणाली, अगदी तुम्ही सांगायचात तसंच.’

मावशीने एक वाटी उचलून दिव्याखाली धरली. तळाला काही चिकटलेलं नव्हतं. असं रिकामं भांडं तिच्याकडे कितीतरी दिवसांनी परत आलं होतं. तिने ती वाटी मशीनमध्ये घातली नाही, नळाखाली स्वतःच्या हाताने विसळली, मग दुसरी, मग तिसरी, आणि तिन्ही फळीवर पालथ्या घातल्या. नानाला म्हणाली, जा आता, तुझी टेबलं भरली असतील.

भरलीच होती. आत तीच संध्याकाळ होती, तशाच होड्या जात होत्या. पाण्याकडेच्या टेबलावर नवा पाहुणा बसला होता, त्याने मनगटावरचा पिवळा पट्टा सैल करत सहज विचारलं, आज काय चांगलं आहे. नानाने चमचा खिशात असल्याची खात्री केली, कार्ड उघडलं आणि चित्रावर बोट ठेवलं.