वाकून उतरणारा विक्रांत

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी विक्रांत गायकरने लाल स्पोर्ट बाइक घेतली, तेव्हा शिरगावातल्या त्याच्या सोसायटीत सगळे तिच्याकडे वळून वळून बघत होते. बघत नव्हती ती एकटी त्याची बायको, संध्या. कॉलेजात पाहिलेलं स्वप्न त्याने कोणाच्या तरी वापरलेल्या गाडीच्या रूपात एकदाचं दारात आणलं होतं. अडचण एवढीच, की स्वप्न पाहिलं तेव्हा त्याची पाठ बावीस वर्षांची होती.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. त्या ट्रॅफिकमधून जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. पहिल्या आठवड्यात मनगटं धरली, दुसऱ्यात मान. तिसऱ्यात कंबरेने असा असहकार पुकारला, की सोसायटीच्या गेटाशी तो गाडीवरून उतरला तरी टाकीवर ओणवा होता तसाच ओणवा उभा राही.

गेटाजवळच्या बाकावर हिंदुरावकाका बसलेले असत. निवृत्त मुख्याध्यापक. आजकालच्या पोरांना वळण नाही, हा त्यांचा आवडता विषय. पुढ्यात कंबरेत वाकून उभा असलेला विक्रांत पाहून त्यांना वाटलं, हा आपल्या पाया पडतोय.

"सुखी राहा, बाळा," म्हणत त्यांनी त्याच्या हेल्मेटवर हात ठेवला.

विक्रांतला खरं सांगायचं होतं, पण त्यासाठी आधी मान वर व्हायला हवी होती. मग रोज संध्याकाळी हेच. महिन्याअखेरीच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये काका उभे राहिले. "नम्रता उरली असेल तर या एका माणसात. सेक्रेटरी करायचा तर विक्रांतला करा." ते पद दुसऱ्या कोणालाच नको होतं, त्यामुळे ठराव एकमताने पास झाला. पाठदुखीच्या जोडीला आता बंद लिफ्ट आणि पाण्याचे टँकरही विक्रांतच्या गळ्यात पडले.

"अहो, काकांच्या रोज पाया पडता म्हणे?" संध्याने विचारलं. "माझ्या बाबांच्या पाया लग्नात एकदाच पडलात, तेही भटजींनी सांगितलं म्हणून."

वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढायला त्याने हात उंचावला मात्र, आणि "आई गंऽऽ" अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या किर्तीने दार वाजवलं. मग सगळं बाहेर आलं.

"विकून टाका गाडी."

"सवय होईल गं हळूहळू."

"कोणाला? तुम्हाला दुखायची, की मला तेल चोळायची?"

शेवटी रविवारी दोघं उल्हासनगरला किसनशेठकडे गेले. किसनशेठचं सीट बनवायचं दुकान होतं, पण लोक त्याच्याकडे सीटपेक्षा पाठच जास्त दाखवायला यायचे. त्याने गाडी स्टँडवर सरळ उभी केली आणि विक्रांतला बसवलं.

"चलाते हो वैसे बसा. हां. आता दोन्ही हात सोडा."

विक्रांतने हात सोडले आणि त्याची हनुवटी टाकीवर आदळली. रस्त्यावरचे चारपाच जण लगेच उभे राहिले.

"बघितलं? सगळं वजन हातावर," किसनशेठ म्हणाला. "साहेब, हँडल फक्त वळवायला असतं, लटकायला नाही. गुडघ्यांनी टाकी धरा. पोट आत. कोपरं ढिली. फिर से सोडो."

विक्रांत पुन्हा आदळला. गर्दी वाढली. तिसऱ्यांदा त्याने टाकी इतकी आवळली की मांडीत गोळा आला.

"मी बसून बघू?" संध्या म्हणाली. ओढणी कमरेला बांधून ती बसली, गुडघे आवळले, हात सोडले आणि तशीच अधांतरी वाकून राहिली. वर किसनशेठला विचारलंही, "अजून किती वेळ?"

"भाभी, कुठे शिकलात?"

"माहेरी मुळगावला भावाची बाइक चालवायचे. आणि चार वर्षं योगाच्या क्लासला जातेय. यांना म्हटलं चला, तर म्हणे ते बायकांचं."

गर्दीतून कोणीतरी टाळी वाजवली. विक्रांत हेल्मेटची काच पुसत राहिला.

किसनशेठने हँडल इंचभर वर घेतलं, मनगट मोडू नये म्हणून क्लच-ब्रेकच्या लिव्हर थोड्या खाली वळवल्या, आणि पुढे घसरवणारा सीटचा फोम कापून सपाट केला. "हे माझं काम," तो म्हणाला. "पोटाचं काम तुमचं. त्याचा पार्ट मिळत नाही."

सोमवारपासून विक्रांत योगाला जाऊ लागला. पंधरा बायका आणि तो. पहिल्या दिवशी त्याला चटईवरून उठवायला दोघी लागल्या. पण सव्वा महिन्यात मनगटं गप्प झाली, मान वळू लागली, आणि एका संध्याकाळी तो गेटाशी उतरून ताठ उभा राहिला.

हिंदुरावकाकांचा हात हवेतच राहिला. "सेक्रेटरी झालास, आता वाकणं कशाला?"

"काका, मी नमस्काराला कधीच वाकत नव्हतो हो. पाठ आखडायची. लाजेपायी बोललो नाही. चुकलंच माझं."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "या बाकावरून मला पण लगेच उठता येत नाही. म्हणून तर आठ वाजेपर्यंत बसतो. तो क्लास म्हाताऱ्यांना घेतात का रे?"

"घेतात की. मी येतो उद्या न्यायला."

पुढच्या रविवारी तो बाइकवर आणि संध्या तिच्या स्कूटरवर अशी दोघं फिरायला निघाली, तेव्हा बारवी धरणाच्या रस्त्याला तिने बाइकची किल्ली मागितली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. ती लाल गाडीवर पाठ सैल, कोपरं ढिली ठेवून झपकन वळणाआड गेली. विक्रांत मागून तिच्या स्कूटरवर निघाला. पाय समोर ऐसपैस, पाठ सरळ, हात मांडीवर ठेवल्यासारखे निवांत. दोन किलोमीटरमध्ये त्याच्या लक्षात आलं, की इतक्या सुखाने तो गेल्या चार महिन्यांत एकदाही बसला नव्हता.

धरणाजवळ संध्या थांबली होती. "कशी वाटली स्कूटर?"

"ठीक आहे," विक्रांत म्हणाला, आणि उतरायची जराही घाई केली नाही.