न पोळणारे पाय

“सत्त्याण्णव… अठ्ठ्याण्णव… नव्व्याण्णव… शंभर!”

ऐंशी-नव्वद माणसं एका सुरात मोजत होती. शंभर म्हटल्याबरोबर टाळ्यांनी वरचा पत्रा हादरला. कोणी शिट्टी मारली, कोणी रडायला लागलं. कुंडाच्या वाफेतून माझे सासरे पायऱ्या चढून वर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय लालबुंद, आणि चेहऱ्यावर चौदा वर्षांच्या संसारात मी कधीच न पाहिलेलं हसू. दोघांनी त्यांना दंडाला धरून पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवर बसवलं आणि खांद्यावर पांढरी शाल टाकली.

“नीट बघून घ्या!” गुरुजी माइकवर म्हणाले. “याच पाण्यात मघाशी तो आडदांड ट्रक ड्रायव्हर पाय बुडवून बोंबलत पळाला. आणि हा काडीपैलवान शिंपी शंभर आकडे उभा राहिला. पाणी तेच, कुंड तेच. मग फरक कशात?”

“मनात!” गर्दी ओरडली.

मीही टाळ्या वाजवल्या. हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि मी टाळ्या वाजवल्या.

सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. पन्नास वर्षं पायमशीनवर बसून त्यांनी दुसऱ्यांचे कपडे शिवले. गाव सोडलं ते फक्त कापड आणायला. त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तेव्हा माझ्या नवऱ्यानं ठरवलं, आई-अण्णांना एकदा तरी प्रवासाला न्यायचंच. ट्रॅव्हल कंपनीच्या माहितीपत्रकात या झऱ्याचा फोटो होता. हिरवीगार दरी, निळं पाणी, काठावर गोल दगड, धुकं. खाली ओळ होती, ‘इथलं पाणी पवित्र माणसाला पोळत नाही.’ आई महिनाभर येईल-जाईल त्याला तो फोटो दाखवत होत्या.

दोन दिवस बसमध्ये हाडं खिळखिळी करून पोचलो, तर दरीच नव्हती. लॉजच्या मागे, वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे, सिमेंटचा एक लांबट हौद होता. आतून न्हाणीघरासारख्या पांढऱ्या फरश्या, वर पत्रा. गोल दगड होते, पण फायबरचे. त्यातला एक फुटला होता आणि त्याच्या पोटात पाखरानं घरटं केलं होतं.

“हेच का ते?” आईंनी विचारलं.

“फोटो जरा वरच्या अंगानं काढलाय,” टूरचा माणूस म्हणाला. “आणि मावशी, ही डोळ्यांनी बघायची जागाच नाहीये.”

तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला ‘फसलो’ म्हणणं फार जड जातं. डोळ्यांना काही मिळालं नाही, तर आता दुसरं काहीतरी मिळायलाच हवं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. गुरुजींचा सगळा पसारा त्या वाटण्यावरच उभा होता.

गुरुजी गोरेपान, तुकतुकीत. हौदाच्या वरच्या टोकाला पायरीवर बसायचे आणि दोन्ही पाय दिवसभर पाण्यात सोडलेले. “माझे बघा! सकाळपासून इथंच आहेत. कोणी म्हणेल गुरुजी शिजले. शिजतो तो अहंकार, बाळांनो!” लोक हसायचे आणि हसता हसता हात जोडायचे.

अण्णांनंतर आईंची पाळी आली. त्यांनी खालच्या पायरीवरून पाण्यात अंगठा घातला आणि “आई गं!” म्हणून झटक्यात मागे घेतला.



“घाबरू नका,” गुरुजींचा आवाज मऊ झाला. “पाणी शिक्षा करत नाही. ते फक्त आठवण करून देतं. काय आठवतंय?”

“काही नाही हो. चटका बसला.”

“म्हणजे पाणी खोटं बोलतंय?”

आईंनी अण्णांकडे बघितलं. अण्णा शाल सावरत म्हणाले, “असेल ते सांगून टाक ना. एवढी माणसं खोळंबलीत.”

कोणीतरी आईंच्या तोंडासमोर माइक धरला. माझा नवरा माझ्या शेजारी उभा होता. मीही होते. आम्ही दोघंही पुढे झालो नाही.

“सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या,” आई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज पत्र्यावर आदळून परत आला तशा त्या दचकल्या. “सारख्या हाका मारायच्या. तीन दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या पाणी मागत होत्या. मी… मी दार लोटून घेतलं. तासभरच. उघडलं तेव्हा हाक बंद झाली होती.”

“बघा!” गुरुजी ओरडले. “पाण्यानं काढून घेतलं की नाही?”

पुन्हा टाळ्या पडल्या. अण्णा टाळ्या वाजवत नव्हते. ते दुसरीकडे बघत होते.

त्या दिवशी अण्णा आईंशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आई सगळ्यांच्या आधी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. “सांगून टाकलंय, आता नाही पोळणार,” त्या मला म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. दात आवळून त्या पाण्यात उतरल्या. लोक मोजू लागले. दहाला त्यांचे ओठ पांढरे पडले. “अजून! अजून!” लोक ओरडत होते. बाविसाव्या आकड्याला त्या कोसळल्या. त्यांना ओढून बाहेर काढलं तेव्हा घोट्यांभोवती टरारून फोड येत होते.

“थोडं शिल्लक आहे,” गुरुजी म्हणाले. “आठवत राहा.”

मग अण्णा उतरले. दीडशे आकडे उभे राहिले. बायकोकडे न बघता.

दुपारी लॉजच्या खोलीत मी आईंच्या फोडांवर मलम लावलं आणि अण्णांकडे वळले. ते पलंगावर बसून चहात बिस्किट बुडवून खात होते. मोजे ओले होते म्हणून मी डाव्या पायाचा मोजा ओढला. मोज्याबरोबर टाचेची कातडी निघून माझ्या हातात आली. अण्णांनी दुसरं बिस्किट घेतलं.

“काय झालं गं?” त्यांनी विचारलं.

त्या क्षणी मला तो फॉर्म आठवला. पोचल्यावर काउंटरवर ‘आरोग्याची माहिती’ म्हणून एक फॉर्म भरून घेतला होता आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक पास अडकवला होता. अण्णांचा मीच भरला होता, माझ्या सुवाच्य मास्तरणीच्या अक्षरात. मधुमेह : अठरा वर्षं. पाय बधिर होतात का : हो.

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी चेतासंस्था शिकवते.

“दवाखान्यात जायचं,” मी म्हटलं. “आत्ता.”

“अगं, त्यांना काही दुखत नाहीये,” नवरा वैतागला. “मग तुला कशाला दुखतंय? आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना मान दिलाय.”

मी कातडीसकट तो मोजा त्याच्यासमोर धरला. तो बाथरूमकडे धावला. परत आला तेव्हा रिक्षा बोलावूनच आला.

बसस्टँडजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय बघून आधी डोळे मिटले. “झऱ्यावर गेला होतात? या महिन्यातला हा नववा.” त्यांनी नायलॉनचा एक जाड दोरा काढला, अण्णांना डोळे मिटायला सांगितलं आणि दोऱ्याचं टोक तळव्याला लावलं.

“काही जाणवतंय?”

“लावा की आधी.”

“लावलंय, काका. सात ठिकाणी लावून झालंय.”

अण्णांनी डोळे उघडले. “म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या पायांच्या नसा साखरेनं मारल्यात. चटका बसतो, पण ती बातमी मेंदूपर्यंत पोचतच नाही. तुमचा पाय शिजला, काका. तुम्हाला फक्त कळलं नाही.”

अण्णा वाकून स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “मी पवित्र आहे म्हणून नाही?”

“नाही. आजारी आहात म्हणून.”

“आणि ही?” त्यांनी आईंकडे बोट केलं.

“यांच्या नसा ठणठणीत आहेत. म्हणून यांचे फोड पंधरा दिवसांत बरे होतील. तुमचं मी आत्ता काही सांगू शकत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी दोनदा वर कळवलं होतं. कोणी हललं नव्हतं. “लोकांसमोर करायला हवं,” त्या म्हणाल्या, “पण मी एकटी गेले की हाकलून देतात.”

“दोघी जाऊ,” मी म्हटलं.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून लांब तापमापी काढली.

“पाण्याला काच लावायची नाही!” गुरुजी गरजले.

“का? काचेनं काय पाप केलंय?” मी विचारलं. मागे दोघं-तिघं हसले. तेवढ्या वेळात तापमापी पाण्यात गेली होती. खालच्या पायरीपाशी, जिथं भक्त उतरायचे तिथं, बावन्न. मी आकडा मोठ्यानं वाचला. मग त्या काठानं चालत गुरुजींच्या पायांपाशी गेल्या.

“सदतीस,” मी वाचलं. “इथं तान्ह्या बाळाला अंघोळ घालता येईल.”

डॉक्टरीणबाईंनी गुरुजींच्या टाचेजवळचा फायबरचा दगड उचलला. खाली नळाची तोटी होती, तिच्यातून गार पाणी हौदात येत होतं. चादरींपलीकडून एक धुलाईवाली बाई बादली घेऊन बघायला आली होती. तिला मी विचारलं, “मावशी, हा झरा येतो कुठून?”

“झरा?” ती म्हणाली. “तो आटून अकरा वर्षं झाली. हे आमच्या चादरींच्या बॉयलरचं पाणी. सकाळी पहिलं इकडं सोडतात, मग आम्हाला.”

कुजबुज सुरू झाली. गुरुजी उभे राहिले. “पाणी कुठूनही येवो! पण हे पुण्यवान शंभर आकडे उभे राहिले, ते कसे? विज्ञान जिथं संपतं तिथं मी सुरू होतो!”

“यांच्यापासूनच सुरू करू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खुर्च्यांवर आदल्या दिवसांचे पाच पुण्यवान शाली पांघरून बसले होते. त्यांना डोळे मिटायला लावून डॉक्टरीणबाईंनी एकेकाच्या तळव्याला दोरा लावला. पाचांपैकी एकालाही कळलं नाही. मग त्यांनी तोच दोरा गर्दीत उभ्या असलेल्या, पहिल्या दिवशी पळालेल्या त्या ट्रक ड्रायव्हरच्या तळव्याला लावला.

“अहो बाई, गुदगुल्या होतायत!” तो पाय झाडत ओरडला.

“साखर आहे तुम्हाला?”

“छे!”

“आणि तुम्हाला?” त्यांनी पाच जणांना विचारलं. वीस वर्षं. पंधरा. बावीस. पाचांच्या पाच. मी त्यांच्या गळ्यातले पास उलटून दाखवले. प्रत्येक पासाच्या कोपऱ्यात शाईचा एक निळा ठिपका होता. अण्णांच्या पासावरही होता. बाकी कोणाच्या नव्हता. फॉर्म वाचून काउंटरवरच माणसं निवडली जात होती. ठिपकेवाल्यांना शंभरपर्यंत उभं करायचं, बाकीच्यांना पापं आठवायला लावायचं.

“तुम्ही खालच्या टोकाला या, गुरुजी,” ड्रायव्हर म्हणाला. “तिथं उभे राहा की शंभर आकडे.”

“हे बघा, माझी साधना—”

ड्रायव्हरनं त्यांना काखेत धरून उचललं आणि खालच्या पायरीवर, पाण्यात उभं केलं. गर्दी मोजायला लागली. “एक! दोन!” तिसऱ्याला गुरुजींनी अशी किंकाळी फोडली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. ते वर यायला बघत होते आणि लोक त्यांना परत ढकलत होते. काल आईंना “अजून! अजून!” म्हणणारीच ती तोंडं होती. मीही मोजत होते. मला मजा येत होती. ते विज्ञान नव्हतं.

“काढा त्यांना बाहेर!” डॉक्टरीणबाई किंचाळल्या, तेव्हा कुठं हात थांबले. त्यांनी त्याच काठावर बसून गुरुजींच्या पायांवर गार पाणी ओतलं आणि पट्ट्या बांधल्या.

आम्ही निघालो तेव्हा एक बाई चप्पल काढून डॉक्टरीणबाईंसमोर आली. तिनं पाय पुढे केला आणि हात जोडले. “बाई, माझ्या पण पायाला तो दोरा लावा ना. मी शुद्ध आहे का नाही, तेवढं सांगा.”

डॉक्टरीणबाईंनी तिला अर्धा तास समजावलं. ती मान डोलावत होती आणि पाय तसाच पुढे होता.

तीन आठवड्यांनी अण्णांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. उजव्याची तीन बोटं गेली. मशीन घरात आहे, पण त्यावर कोणी बसत नाही. आईंचे फोड डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसे पंधरा दिवसांत गेले. माइकवर बोललेलं मात्र गेलं नाही. मी अण्णांना चित्रं काढून सांगितलं, नसा दाखवल्या, बॉयलर दाखवला. त्यांना सगळं समजलं. एकदा म्हणाले, “ते पाणी खोटं होतं, कबूल. पण दार तर खरंच लोटलं होतं ना?” अण्णांनी गुरुजींना केव्हाच माफ केलं. आईंना अजून केलेलं नाही. आई त्यांचा उरलेला पाय रोज धुतात, पुसतात, आरशानं तळवा बघतात. दोघं बोलत नाहीत.

म्हणून लिहिते आहे. दुखणं हे कोणत्याही पापाचं फळ नाही. ते शरीराचा राखणदार आहे, आणि ज्याचं दुखतं त्याला पुष्कळदा वाचवतं. कोणी माइक पुढे करून तुमच्या वेदनेचा अर्थ सांगायला लागला, तर आधी त्याचे पाय कुठल्या पाण्यात आहेत ते हात घालून बघा. पोळलं तर पाय काढून घ्या, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आणि शेजारचे सगळे ओरडत असताना तुम्हाला एकट्यालाच काही वाटत नसेल, तर आनंद मानू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.