रुबिनाचा पहिला रोजा

जानेवारी अठ्ठ्याण्णवमध्ये माझ्या रुबिनाने पहिला रोजा धरला. पोर आठ वर्षांची. जुन्नरला आमच्या आळीत पहिला रोजा म्हणजे छोटं लग्नच: नवे कपडे, गळ्यात हार, संध्याकाळी इफ्तारला शेजारपाजार. हिला त्यातलं काही नको होतं. "याचा सवाब दादीला पोचेल ना, अम्मी?" रोज्याच्या पुण्याचं एवढंच पहाटेपासून विचारत होती. माझी सासू आदल्या वर्षी गेली. दोघींचा एकमेकींवर फार जीव.

दुपारी ती रडतच आली. शेजारच्या कुशाबाईंनी ओंजळभर बोरं दिली आणि हिने विसरून चार खाल्ली. "आता दादीला काहीच नाही मिळणार!"

माझ्या तोंडाचा पट्टा सुटायला एवढं पुरे. दारात जाऊन मी कुशाबाईंना नको नको ते बोलले. सासूची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि रमजान ठाऊक नाही? "ध्यानातच न्हाई आलं गं," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

चारच्या सुमाराला रुबिनाचे अब्बा, आमचे अजीज, दुकानातून आले. ऐकून हसलेच. "विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही. अल्लाहनेच खाऊ घातलं समजायचं. आणि लहानांची चूक लिहीत नाहीत, नेकी तेवढी लिहितात."

"आणि मोठ्यांची?" मी विचारलं.

"दोन्ही."

हे मला का ठाऊक नव्हतं? पण राग आला की माझी अक्कल चरायला जाते. लाजेने मेल्यासारखं झालं. सूर्य कलला तशी इफ्तारचं ताट घेऊन, रुबिनाला पुढे घालून निघाले.

कुशाबाई पायरीवर बसल्या होत्या, ओठ सुकलेले. दुपारची भाकर तशीच झाकलेली.

"मावशी, माफ करा. जेवला नाहीत?"

"पोरीचा माझ्यापायी मोडला न्हवं? मंग ऱ्हायलेला मी धरला. पानी बी न्हाई घेतलं. तिच्या आजीला कमी पडाया नको."

मला रडूच फुटलं.

"मोडलाच नव्हता, कुशाआजी!" रुबिना ओरडली.

"आत्ता! मंग माझा फुकट गेला व्हय?"

तेवढ्यात अजान झाली. रुबिनाने ताटातला पहिला खजूर उचलून त्यांच्या तोंडात घातला.

"फुकट कसा? दुसऱ्याचा रोजा सोडवणाऱ्याला सवाब मिळतो," ती म्हणाली. "तोपण दादीला."