इथिओपियाची राख

चंपाबाईंना जाऊन वर्ष होत होतं. त्या दिवसासाठी त्यांची लेक तनुजा जेद्दाहून येणार होती. तिथल्या भारतीय शाळेत ती विज्ञान शिकवायची. तिचे वडील कडूबा वाळूजच्या फाउंड्रीतून निवृत्त होऊन रांजणगावच्या घरी एकटेच राहत होते. त्यांनी तिची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं.

आदल्या दुपारी तिचा विमानतळावरून फोन आला. विमान रद्द झालं होतं. इथिओपियात ज्वालामुखी फुटला होता आणि त्याची राख पार अरबी समुद्रावर पसरली होती. पुढचं विमान मिळेपर्यंत रजाच संपणार होती.

कडूबा ठीक आहे म्हणाले. बापलेकीचं बोलणं एरवी जेवण आणि औषधांवर आटपायचं. आताही ती फोन ठेवणार, हे त्यांना आवाजावरून कळलं. ते घाईनं म्हणाले, "राखेनं विमान कसं काय अडतं गं? चुलीतली राख तर फुंकली तरी उडती."

तनुजा थांबली. ही राख जळून झालेली नसते, तिनं सांगितलं. दगडाचा आणि काचेचा बारीक चुरा असतो तो. इंजिनात शिरला की वितळतो, आतल्या पात्यांवर चिकटून बसतो आणि इंजिन बंदही पडू शकतं.

पण काच आली कुठून, त्यांनी विचारलं.

जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात वाफ आणि वायू विरघळलेले असतात, ती म्हणाली. खोलात दाब असतो तोवर ते गप राहतात. खडकाचा रस वर सरकला की दाब घटतो आणि बुडबुडे फुगायला लागतात. रस घट्ट असला तर त्यांना निसटता येत नाही, मग ते रसाच्याच ठिकऱ्या उडवत बाहेर पडतात. त्या ठिकऱ्या हवेत झटकन थिजतात, त्याचीच काच होते.

"फाउंड्रीत आमचा साचा ओला राहिला की लोखंडाचा रस असाच उडायचा," कडूबा म्हणाले. "वाफंला वाट नाय मिळायची."

"तसंच, अण्णा." ती हसली. ते हसू त्यांनी लई दिवसांनी ऐकलं.

मग त्यांनी आपल्याकडच्या काळ्या दगडाचं विचारलं. तोही ज्वालामुखीचाच, पण तो रस पातळ होता, ती म्हणाली. वायू सहज सुटायचे, त्यामुळं तो भेगांतून येऊन थरावर थर पसरत गेला. फुटायच्या आधी कळतं का, हेही त्यांनी विचारलं. जमीन फुगते, बारीक धक्के बसतात, पण नेमकी वेळ सांगता येत नाही, असं ती म्हणाली.

पुढं त्यांना काही सुचेना. मागं कुणीतरी अरबीत पुकारत होतं.

"अण्णा, माझा नंबर आला. तिकिटाचं बघायचंय."

"व्हय, जा."

दुसऱ्या दिवशी चार शेजारी आले. फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. पोरगी का नाही आली, असं शेजारच्या दगडाबाईंनी विचारलं. कडूबांनी राखेपासून सुरुवात केली. बुडबुड्यांपर्यंत आले तेव्हा दगडाबाई खिरीच्या वाट्या भरायला आत निघून गेल्या होत्या. कडूबांनी उरलेलं सांगितलं नाही.

ऊन कलल्यावर सगळे गेले. कडूबा फोन घेऊन दारात बसले. ज्वालामुखीचं आणखी काय विचारावं, याचा त्यांनी बराच विचार केला. काही जुळलं नाही.

त्यांनी नंबर लावला.

"काय झालं, अण्णा?" तनुजानं विचारलं.

"काय नाय," ते म्हणाले. "असाच."