मालुबाईची काठी, मुक्काम टिळकवाडी

मी काठी बोलतेय. जरा जवळ या, काचेतून आवाज नीट पोचत नाही. आणि मेहरबानी करून ती खुर्ची ओढू नका, उभ्यानंच ऐका. बसलेली माणसं मला हल्ली बघवत नाहीत. चार महिने झाले, एका पितळी आकड्याला अडकवून मला इथं उभं केलंय, आणि माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

नुसती काठी म्हणून मला मोडीत काढू नका. माझी मूठ बघा. छोटं, चपटं लाकडी डोकं, पाठीत शिशाची चकती. टेकलीत तर काठी, उलटी धरलीत तर गोल्फ खेळायचं दांडकं. माझ्या मुलखात, स्कॉटलंडात, एके काळी रविवारी खेळायला बंदी होती म्हणतात. रविवार देवाचा. पण ज्याला नाद लागला त्याला वार कसला? मग सुतारांनी माझ्यासारख्या काठ्या घडवल्या. साहेब फिरायला निघायचा, पाद्री दिसला की सभ्यपणे मला टेकत चालायचा, पाद्र्यानं पाठ फिरवली की मला उलटी करून चेंडू हाणायचा. म्हणजे माझा जन्मच लबाडीतला. पण चालणं मात्र खरं होतं. मैलोन् मैल चालायचो आम्ही.

एका लष्करी साहेबाबरोबर बोटीत बसून मी बेळगावच्या कॅम्पात आले. साहेब कायमचा परत निघाला तेव्हा त्याच्या पेट्या भरल्या आणि मी उरले. त्यानं मला मैदानावरचं गवत कापणाऱ्या परशरामच्या हातात दिलं. परशराम बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. मला खांद्यावर टाकून तो चालत गावी गेला. गावानं दोन दिवस माझं कौतुक केलं. तिसऱ्या दिवसापासून मी कुत्री हाकलायला आणि चिंचा पाडायला लागले. माझी तक्रार नव्हती. हिंडायला मिळत होतं.

परशराम थकला तेव्हा त्यानं मला टेकलं, आणि एक दिवस तोही गेला. मग माझी रवानगी माळ्यावर, कांद्याच्या पोत्यामागे. आठ वर्षं. वाळवी येऊन चाखून गेली, तिला माझं लाकूड पचलं नाही. त्या आठ वर्षांबद्दल मला काही बोलायचं नाही.

मला खाली काढलं ते परशरामच्या सुनेनं, मालुबाईनं. गुडघा धरला होता तिचा. धूळ झटकून म्हणाली, "मामंजींची काठी. ये बाई, दोघी मिळून चालूया." मोचीकडून माझ्या पायाला टायरचा तुकडा मारून घेतला, आणि आम्ही सुटलो ते बावीस वर्षं.

सकाळी चांगळेश्वरीचं देऊळ, तिथून गावाजवळच्या गडाच्या बाजूचं शिवार. भाताचा वास सुटला की मालुबाई बांधावर उभी राहून उगाच मला चिखलात खुपसायची, जणू भाताची नाडी बघतेय. काटेरी झुडपं बाजूला सारायला मी, शेजारच्या अंबुबाईशी भांडताना तिच्याकडे रोखायलाही मीच. खंडेनवमीला विळा-खुरप्यांच्या रांगेत मला मांडायची आणि माझ्या डोक्यावर हळद-कुंकवाची बोटं ओढायची. साहेबानं माझ्याकडे कितीही प्रेमानं पाहिलं असेल, पण पूजा नव्हती केली. मी तिच्यावर जीव टाकला, आणि हे सांगायला मला लाज नाही.

तिचा मुलगा महादेव. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत कामाला. मुलगा म्हणून लाखात एक. पण दोन पावसाळ्यांत मालुबाई दोनदा बांधावरून घसरली, दुसऱ्यांदा मनगट प्लास्टरमध्ये गेलं, आणि तेव्हापासून त्यानं धसका घेतला.

"आता घरात बस आई. टीव्ही लावून दिलाय की."

"बसून काय अंडी घालू?"

"पुन्हा पडलीस म्हंजे?"

"पडलो तर उठतो. तू काय लहानपणी पडला न्हाईस?"

हे रोजचं. तो कामावर निघाला की आम्ही मागच्या दारानं बाहेर.

अशातच एका बाजारच्या दिवशी, बेळगावच्या गणपत गल्लीत, मालुबाई माझ्या टोकानं वांगी दाखवून घासाघीस करत होती. एक गृहस्थ आमच्यापुढे येऊन उभा राहिला तो हलेचना. पांढरा शर्ट, खिशाला पेन, नजर माझ्या मुठीवर.

"काय वो, काठी कधी बघितली न्हाय व्हय?" मालुबाईनं विचारलं.

हे रघुवीर वकील. वकिली सोडून बरीच वर्षं झाली. नाद एकच, गोल्फच्या जुन्या वस्तू जमवणं. खेळणं नव्हे, जमवणं. खेळायला एकदाच गेले होते, ते कंबर धरून परत आले. पण टोपीवाल्या साहेबांची जुनी चित्रं, झाडाच्या चिकाचे काळेठिक्कर चेंडू, गोल्फ खेळणाऱ्याच्या आकाराची दौत, बक्षिसाचे चांदीचे चमचे, यासाठी हा माणूस पुण्या-गोव्यापर्यंत भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून आलेला. माझ्या जातीची काठी ते बारा वर्षं शोधत होते, आणि ती निघाली वांग्यांच्या ढिगावर. त्यांनी गाव विचारलं, नाव विचारलं, आणि पुढच्याच रविवारी येळ्ळूरला हजर झाले.

दुपारची वेळ. मालुबाई आत डोळा लागून पडलेली, मी दाराच्या कोपऱ्यात. कट्ट्यावर महादेव आणि वकील. वकिलांनी खिशात हात घातला तसा महादेव म्हणाला, "पैसे नकोत साहेब. तशीच घेऊन जावा."

"अहो, पण ही वस्तू फार दुर्मिळ आहे."

"असंल. मला तिचं काय न्हाय. ती गेली म्हंजे आई घरात बसंल. मी कामावर असतोय, जीव टांगणीला लागतोय माझा."

वकील जरा घुटमळले. "आईंना विचारलंत?"

"विचारलं तर न्हाई म्हणंल की."

असला व्यवहार टिकत नाही हे कुणाला नाही तरी एका वकिलाला कळायला हवं होतं. कळलंही. मी त्यांचा चेहरा बघत होते. पण बारा वर्षांची भूक समोर ताट बघून थांबते होय? त्यांनी महादेवाच्या हातात आपलं कार्ड ठेवलं आणि मला टॉवेलात गुंडाळून गाडीत घातलं. मी ओरडले असते, पण टॉवेलात तोंडच गुंडाळलेलं होतं.

तेव्हापासून मी इथं, टिळकवाडीत, वकिलांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात. टायरचा तुकडा काढून टाकला, डोक्यावर पिवळा दिवा लावला. रविवारी त्यांचे मित्र येतात, चहा पितात आणि माझ्या मुठीची झळाळी बघून मान डोलावतात. वकील सांगायचे, "साहेबाच्या हाताची झिलई आहे ही, शंभर वर्षांची." खोटं. ही झिलई बावीस वर्षांची आहे आणि मालुबाईच्या तळहाताची आहे. मला इतका राग यायचा की काच फोडून खाली उडी मारावी.

वकिलांच्या पत्नी प्रमोदिनीबाई. काच पुसताना त्यांना माझ्या खाचेत कुंकू दिसलं. "हिची कुणी पूजा करत होतं?" त्यांनी विचारलं. वकिलांनी मोठ्या उत्साहानं सगळी हकिकत सांगितली. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आणि त्या आता कशाच्या आधारानं चालतात?" वकील चष्मा शोधायला आत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

मला तोच प्रश्न दिवसरात्र खात होता. बसली असेल का ती? टीव्हीसमोर, भिंतीला टेकून? मला वाटायचं, मी नाही तर ती कशी उठेल. एवढा एकच विचार, आणि तो घेऊन हिंडायलाही जागा नाही.

गेल्या आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. प्रमोदिनीबाईंनी दार उघडलं. दारात मालुबाई. एकटी. हातात हिरवट बांबू, खालचं टोक विळ्यानं तासलेलं.

"वकील हाईत काय? मी येळ्ळूरची मालुबाई. तुमचं कार्ड म्हादूच्या खिशात सापडलं, नातीकडनं वाचून घेतलं. आधार कार्ड दाखवून फुकटात आलो बसनं. रेल्वे गेटापासनं मात्र चालत."

वकील बाहेर आले ते आरोपीसारखे. त्यांनी कपाटाचं कुलूप उघडलं, मला काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "माझं चुकलं. घेऊन जा."

मालुबाईनं मला हातात घेतलं. तळहात मुठीवर बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा मला जमीन लागली. आता निघायचं, एवढंच माझ्या मनात.

तिनं मला परत वकिलांच्या हातात दिलं.

"ऱ्हाऊ दे हितंच. ही नेली तर म्हादू पुन्हा कुणाला तरी देऊन टाकंल. बांबूचं तसं न्हाय. ह्यो लपवला तर दुसरा तोडीन. बांबूच्या बेटात शंभर हाईत, किती लपवंल?"

"मग तुम्ही आलात कशासाठी?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"फोन करायला. एकटी हितवर आलो म्हणून मी सांगितलं तर त्याला खरं वाटायचं न्हाय. वकील, तुम्ही लावा फोन. तुम्ही सांगा."

वकिलांनी फोन लावला. आयुष्यभर इतरांचे साक्षीदार उभे केलेला माणूस स्वतः साक्षीला उभा राहिला. "महादेवराव, तुमची आई माझ्या घरी आहे. बसनं एकटी आलीय, गेटापासून चालत. चहा घेतेय." पलीकडे मशीनचा खडखडाट होता. मग महादेवाचा आवाज आला, "तिला तितंच बसवून ठेवा साहेब. सुट्टी टाकून येतो."

मालुबाईनं फोन घेतला. "म्हादू, गाडी आणू नको. आल्या वाटंनं जातो मी. तू काम कर बाळा." आवाज मऊ होता. पलीकडचा खडखडाट लांब गेला, महादेव दाराबाहेर आला असावा. मग तो एवढंच म्हणाला, "सावकाश ये गं आई." तिनं पदरानं डोळे पुसले, चहा संपवला आणि उठली. कुणाचा हात धरला नाही.

वकिलांनी मला परत आकड्याला लावलंय, पण कपाटाला कुलूप घातलेलं नाही. रविवारी मित्र आले तेव्हा झिलईवर ते काही बोलले नाहीत.

आणि मी? इतके दिवस मला वाटत होतं, मी तिला चालवते. त्या दिवशी समोरच्या खिडकीतून मी बघत होते, ती फाटकातून बाहेर पडली, रस्त्यावर रिक्षा होत्या, खड्डे होते, बांबू नवा होता. ती वळणावर दिसेनाशी झाली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. तेव्हा मला महादेव कळला. मी चार महिने त्याला शिव्या घालत होते.

तर माझी एक विनवणी आहे. कधी येळ्ळूरच्या बाजूला गेलात, तर सकाळच्या वेळी शिवाराकडे एक ठेंगणी म्हातारी बांबू टेकत जाताना दिसेल. तिला हात द्यायला धावू नका. फारच काळजी वाटली, तर चार पावलं मागं राहून चाला, तिला कळू न देता. मला जमत असतं तर मी तेच केलं असतं.